हाताला जड

कुनिहिको कुवाशिमाला वकील दोन मिळाले, एक कुचकामी आणि एक चांगला. कुचकामी होता तो मेहुण्याच्या ओळखीतला; फोन उचलायचा नाही, आणि उचललाच तर "घाबरू नका हो, होतं असं" म्हणत भलत्याच कुणाच्या तरी घटस्फोटाबद्दल बोलायला लागायचा. त्याला सोडून आसानुमा वकील केला तेव्हा कुनिहिकोची बायको चिनात्सु म्हणाली, "अहो, हा निदान तुमच्याकडे बघून तरी बोलतो."

आसानुमा बघायचाच. समोरच्याचा चेहरा पाठ करून ठेवायचा असावा तसा बघायचा. पहिल्या भेटीत त्याने सगळं मुकाट ऐकून घेतलं: तोयामाच्या खाडीकाठचा रस्ता, सकाळचं धुकं, कुनिहिकोची मासळीची व्हॅन, आणि सायकलवरून चाललेले तोमिनागा आजोबा. "ते जागीच गेले," कुनिहिको म्हणाला. आसानुमा नुसतं "बरं" म्हणाला.

आजोबा जागीच गेले नव्हते. हे एकट्या कुनिहिकोला ठाऊक होतं. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, "जाऊ नकोस रे" म्हणाले होते, आणि तो त्यांचा हात झटकून व्हॅनमध्ये जाऊन बसला होता, काचा वर करून. फोन करायचं धैर्य गोळा होईपर्यंत बाहेर सगळं शांत झालं होतं. हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, वकिलालाही नाही. मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते ते काही केल्या जाईनात, म्हणून तो त्यांच्यावर घड्याळ बांधायचा.

अशा प्रकरणात आरोपीने स्वतः मृताच्या दारात जायचं नाही, वकिलाने त्याच्या वतीने मिठाई घेऊन जायचं, गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं, अशी तिथली रीत. "त्या घराच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही," आसानुमाने बजावलं. "माफी मागणं माझं काम." मिठाईही त्यानेच निवडली, लाल चवळीची घट्ट वडी. माफीची पेटी हाताला जड लागली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तोमिनागांच्या घरून पहिल्यांदा तो परत आला तेव्हा बोलताना सारखं उजवं मनगट चोळत होता.

"लागलं का काही, साहेब?"

"काही नाही," म्हणत त्याने बाही खाली ओढली.

तोमिनागा आजींनी न्यायालयाला कळवलं की या माणसाला कडक शिक्षा नको, त्याला पश्चात्ताप झालाय. शिक्षा स्थगित झाली. शेवटच्या दिवशी बोलता बोलता आसानुमाला रडू फुटलं, आणि "माझे अशील" म्हणायच्या जागी तो दोनदा "मी" म्हणून गेला, तेव्हा न्यायाधीशांनीही चष्म्यावरून पाहिलं. चिनात्सुला घरी येईपर्यंत त्याचंच कौतुक. "काय रडला हो! तुम्ही आपले कोरडे ठणठणीत उभे. असा वकील मिळायला नशीब लागतं."

तिने ते सहज म्हटलं, पण कुनिहिकोला ते लागलं ते लागलंच. वर्षभरात कितीजणांनी त्याला वकिलाचं नाव विचारलं, आणि प्रत्येकाला तो "डोळे झाकून जा, देवमाणूस आहे" असं सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी आपण काहीतरी चोरून आणलंय आणि त्याचीच तारीफ करतोय असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटायची. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी त्याने काळा कोट चढवला.

"वकीलसाहेबांनी नको म्हटलंय ना?" चिनात्सुने विचारलं.

"माफी त्यांनी मागितली गं. मी कुठे मागितली?"

मिठाईच्या दुकानात त्याने तीच वडी मागितली आणि पेटीवर कुवाशिमा असं नाव लिहायला सांगितलं. दुकानदारीण हातातली दोरी तशीच धरून हसली. "कुवाशिमांकडून आलात होय? अहो, ते स्वतः मघाशीच घेऊन गेले की. दर महिन्याला येतात बिचारे. किती वाळलेत!"

त्याने पैसे देऊन पेटी उचलली. आसानुमा आपल्या नावाने पेटी नेत असेल, वकिलाचं तेही कामच असेल, असं मनाशी म्हणत तो समुद्राच्या बाजूने चालत गेला. पेटी खरंच जड होती. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं: व्हॅन, काचा, झटकलेला हात, सगळं सांगायचं, मग आजींनी हाकललं तरी चालेल.

तोमिनागा आजींनी दार उघडलं. ठेंगण्या, हसऱ्या. उंबऱ्याच्या आत पुरुषाचे काळे बूट नीट लावून ठेवलेले होते, आणि आतल्या खोलीत देव्हाऱ्यापुढची घंटी वाजली.

"आजी," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला, "तुमचे यजमान जागीच गेले नव्हते."

"ठाऊक आहे रे बाबा," आजी शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी याचा हात धरला, आणि हा झटकून गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. पहिल्याच दिवशी सांगितलं यानं सगळं, लहान मुलासारखा रडत. तेव्हाच म्हटलं, जा, केलं माफ." त्यांनी मागे वळून पाहिलं. "तरी येतोच. मनगट दुखतं म्हणतो, मी तेल लावून देते."

अर्ध्या सरकवलेल्या दारातून पाठमोरा माणूस दिसत होता. काळा कोट, वाकलेली मान, आणि वर गेलेल्या बाहीखाली मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ.

कुनिहिकोने आपलं घड्याळ सोडलं. खालची कातडी स्वच्छ, गोरी होती. तिथे कधी काही होतं असं कुणी शपथेवरही सांगितलं नसतं.

"पण तुम्हाला कसं ठाऊक हे?" आजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. "तुम्ही कोण त्याचे?"

त्याने आपलं नाव सांगायला तोंड उघडलं. आत घंटी पुन्हा वाजली. त्याने पेटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"मी त्यांचा वकील," तो म्हणाला. "त्यांच्या वतीनं माफी मागायला आलोय."