चौथा कोपरा

प्रताप नगरातल्या त्या दोघी जावांनी वीस वर्षांत किती गोधड्या शिवल्या असतील, देव जाणे. पण वाटणी पक्की होती. सरळ धावदोरा धाकट्या गोपिकानं घालायचा आणि चौफेर लावलेल्या काठाचे कोपरे थोरल्या देवकीनं काढायचे. फोटोच्या चौकटीला असतो तसा तिरपा सांधा. चुणी नाही की फुगा नाही. गोपिकानं हात लावला रे लावला की देवकी खेकसायची, "सोड वं! तुह्या हातानं कोपरा बिघडते."

वीस वर्षं हेच ऐकायचं. राग येणार नाही तर काय होईल माणसाला?

आणि मग देवकी गेली. पोटाचं दुखणं, तीन महिन्यांत सगळं आटोपलं. लेकीच्या, प्रेमिलाच्या, होणाऱ्या बाळासाठी तिनं गोधडी शिवायला घेतली होती. जुनी मऊ पातळं, हळदी रंगाचा काठ. तीन कोपरे झाले, चौथा राहिला. तेरावं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं प्रेमिला कुहीला सासरी निघणार होती.

"काकू, आईची गोधडी तूच पुरी करून दे," ती म्हणाली.

गोपिका हो म्हणून बसली. जुन्या चादरीच्या पट्ट्यांवर चारदा करून पाहिलं, चारही वेळा कोपऱ्यात हा एवढा फुगा! देवकीचा एक कोपरा उसवून आतली घडी बघितल्याशिवाय जमणार नव्हतं. उसवायचा म्हणजे तिच्या हातचे टाके जाणार, आणि ते हात आता कुठून आणायचे? कात्री घेऊन बाई दुपारभर नुसती बसून राहिली. चार वाजता "माफ करजा बाई," म्हणाली आणि देवकीनं शेवटी शिवलेला तिसरा कोपरा उसवला.

आत घडी होती. पण तिच्या कडेला सुईची भोकंच भोकं! शिवलेलं, उसवलेलं, पुन्हा शिवलेलं, सहा-सात वेळा तरी. दोन ठिकाणी बोटात सुई गेल्याचे तपकिरी डाग. देवकी शेवटी शेवटी चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची, तेवढं गोपिकानं पाहिलं होतं. हात इतका थरथरतो, हे तिनं कोणाला कळूच दिलं नव्हतं.

"अवं बाई, मले सांगतलं असतं त म्या धरलं असतं नं कापड! काहून नाही सांगतलं?" गोपिका ओरडलीच. तेरा दिवसांत रडली नव्हती तेवढी ती त्या कोपऱ्यावर रडली.

मग डोळे पुसून तिनं तो पुन्हा शिवला, देवकीच्याच भोकांतून एकेक टाका घालत. नंतर चौथा घेतला. घडी आता कळली होती, पण हात गोपिकाचाच. कोपरा जरा वाकडा आला.

"पाहा बाई, बिघडवला," ती म्हणाली आणि सवयीनं मान खाली घालून थांबली. आत प्रेमिला उद्याचं सामान बांधत होती. गोपिकाला रागावणारं घरात आता कोणी उरलं नव्हतं.