पंजाची पाटी

पाट्या रंगवणाऱ्या वगदीने काळ्या चहात फडकं बुडवलं, पिळलं आणि नव्याकोऱ्या पाटीवर वरपासून खालपर्यंत फिरवलं. पांढऱ्या रंगाचा पिवळट झाला. मग करवतीखालची संगमरवराची भुकटी चिमटीत घेऊन त्याने ओलाव्यावर फुंकली.

मागे कारखान्याचा मालक, हाजी मुतवल्ली, कमरेवर हात ठेवून उभा होता.

“कडा अजून मळवा, उस्ताद. तीन वर्षं भिंतीवर आहे म्हटल्यावर तशी दिसायला नको?”

“दिसेल,” वगदी म्हणाला.

पाटीवर लाल वर्तुळात उघडा पंजा, त्यावर आडवी रेघ आणि खाली ठळक अक्षरं: यंत्र चालू असताना आत हात घालू नका. गेल्या आठवड्यात याच करवतीत शहातचा उजवा हात मनगटापासून गेला होता. दुपारी कामगार खात्याचा तपासनीस येणार होता. पाटी होती असं ठरलं तर चूक शहातची, आणि त्याला पेन्शन नाही. नव्हती असं ठरलं तर चूक मालकाची. बैल गेला नि झोपा केला असं आपण म्हणतो. इथे झोपा आधीपासूनच होता, असं बैलाकडूनच वदवून घ्यायचं चाललं होतं.

हे यंत्र इटलीहून आलं तेव्हा वगदीनेच नमुने आणले होते. पिवळा त्रिकोण, निळं वर्तुळ, हा लाल पंजा. कुठला कुठे लावायचा हेही त्याने हाजीला समजावलं होतं. पंजा बघताच हाजीने तोंड फिरवलं होतं.

“कापलेला हात भिंतीवर? रोज सकाळी उठून हेच बघू? अपशकुनाला घरचं आमंत्रण! आपण मेंढा कापलाय ना? मग झालं.”

मेंढा कापला होता हे खरं. त्याच्या रक्तात हात बुडवून यंत्रावर पंजा उमटवायचा मान सगळ्यांत जुना कामगार म्हणून शहातला मिळाला होता. पाच बोटं फाकवून त्याने तो जोरात दाबला, टाळ्या वाजल्या, सरबत वाटलं गेलं. आणि वगदीने भिंतीवर, पंजाच्या पाटीच्या जागी, दृष्ट लागू नये म्हणून सोनेरी ‘माशाअल्लाह’ लिहून दिलं होतं. पैसेही जास्त मिळाले होते. शहातचा तो पंजा अजून यंत्रावर होता, वाळून तपकिरी झालेला. ज्या हाताचा होता तो मात्र आता नव्हता.

“जावई काय म्हणतो तुमचा?” हाजीने सहज विचारावं तसं विचारलं. “ट्रक चांगली चालवतो पोरगा. कायम करून टाकू म्हणतो त्याला.”

वगदीने मान हलवली. त्याला स्वतःची किळस आली, पण फडकं थांबलं नाही.

पाटीचा डावा खालचा कोपरा मात्र तो हलक्या हातानेच पुसत होता. त्याचं कारण होतं. काल घरी पाटी रंगवून झाल्यावर हाताने सवयीने कोपऱ्यात सही केली होती आणि सहीच्या शेपटीत साल गुंफलं होतं, चालू साल. त्याचा गुरू म्हणायचा, बिननावाची पाटी म्हणजे बेवारस पोर. आणि साल घालायला विसरलेल्या शिष्याच्या बोटांवर रूळ बसायचा. चाळीस वर्षांत वगदी एकदाही विसरला नव्हता. सकाळी पाटी उचलताना त्याला ते दिसलं. टर्पेंटाइनचा बोळा त्याने हातात घेतला आणि परत ठेवून दिला. आपण काही बोलायला नको, पाटीच बोलेल, असं त्याच्या मनात आलं आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. हाजीला तर नक्षीतलं काही कळत नसे. त्याला अक्षरं मोठी आणि सोनेरी असली म्हणजे पुरे.

माशाअल्लाहच्या खाली पाटी ठोकली गेली.

तपासनीस फिक्री दुपारच्या नमाजानंतर आला. गळ्यातल्या दोरीला चष्मा लटकत होता. हाजीने खुर्ची पुसली, चहा मागवला, सिगारेटचं पाकीट पुढे केलं.

“या, बाशा, या! तुमचे पाय लागले, कारखाना उजळला.”

फिक्रीने यंत्र पाहिलं. मग चष्मा लावून तो पाटीजवळ गेला आणि वाकून पार खालपर्यंत वाचू लागला.

“उस्ताद, पाटी तुमच्या हातची?”

“माझ्याच.”

“कधीची?”

“यंत्र आलं तेव्हाचीच, बाशा,” हाजी मध्येच म्हणाला.

“मी उस्तादांना विचारतोय.”

वगदीने ओठ ओले केले. “कोपऱ्यात लिहिलंय, बाशा. साल घालायची रीत असते आमच्यात.”

हाजीचा चेहरा पडला. फिक्री क्षणभर तसाच वाकून राहिला. मग ताठ झाला, चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला.

“चष्मा घरी राहिला आज,” तो म्हणाला. “असू दे. जुनीच दिसतेय.”

हाजी मोठ्याने हसला आणि त्याने चहात साखर घालायला सांगितली. काल रंगवली, एवढे दोन शब्द वगदीला बोलायचे होते. पण त्याने समोर आलेला चहाचा पेला तोंडाला लावला.

मग दारापाशी बसवून ठेवलेल्या शहातला आत बोलावलं. हात गळ्यात बांधलेला, जुनी पायघोळ गलाबिया धुवून घातलेली. फिक्रीने पाटीकडे बोट केलं.

“शहात, ही पाटी इथे होती की नव्हती? खरं सांग.”

शहात बराच वेळ बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

“मला आठवत नाही, बाशा. कुणाच्या हातची आहे?”

“उस्ताद वगदींच्या.”

शहातने वगदीकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली.

“मग असेल. उस्ताद खोटं लिहायचे नाहीत. माझंच लक्ष गेलं नसेल. सोनेरी तेवढं बघायचो मी रोज.”

फिक्रीने जबाब लिहिला आणि त्यावर शहातच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. हाजी फिक्रीला गाडीपर्यंत पोचवायला गेला. यंत्रापाशी दोघंच उरले. शहातने डावा हात पुढे केला, वगदीने तो दोन्ही हातांत धरला.

“मनाला लावून घेऊ नका, उस्ताद. तुम्ही सांगून ठेवलं होतं, मीच आंधळा.” मग पाटीकडे वळून तो म्हणाला, “खाली कोपऱ्यात बारीक काय आहे हो?”

“माझं नाव.”

“आणि त्याच्या शेपटीत?”

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. हाजी परत येत होता.

“नक्षी आहे,” वगदी म्हणाला.

शहात अजून जवळ गेला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्या कोपऱ्यावरची भुकटी त्याने जपून पुसली.

“छान आहे,” तो म्हणाला.