पालथे हंडे

रविवारी सकाळी माझ्या सासूबाई, झुंबरबाई, अंगणात सतरंजी अंथरत होत्या आणि सारख्या रस्त्याकडं बघत होत्या.

"मीने, येतील का गं बाया?"

"येतील की," मी म्हणाले.

परतूरला तीन चर्च आहेत. मंठ्याकडच्या आमच्या वस्तीत एकही नाही, आमची प्रार्थना या अंगणातल्या पत्र्याखालीच. नवं चर्च कुठं काढायचं ते ठरवायला जालन्याहून पाद्री साहेब येणार होते. वीस माणसं दिसली तर इथं, नाहीतर परतूरलाच चौथं. आणि तिकडं पारावर कडूबा वही घेऊन बसलेला. प्रार्थनेला जाईल त्याचं नाव लिहायचं आणि त्याला कापूस वेचायला कुणी बोलवायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. वेचणीवरच तर आमची वर्षभराची चूल पेटते.

साहेब आले तेव्हा आम्ही सहाजण होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मग बाया आल्या, डोक्यावर रिकामे हंडे घेऊन. आमच्या अंगणातल्या बोअरवर पाणी भरायला कुणीही येतं, कडूबा काय लिहिणार? हंडे पालथे घालून त्या गुपचूप सतरंजीवर बसल्या. एकटी उषाबाई तेवढी हात हलवत आली.

साहेबांनी मोजलं. "बावीस. पण नावं लिहावी लागतील. वर दाखवायचीत."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकीनं हंडा उचललासुद्धा.

"सायेब," सासूबाई पुढं झाल्या, "परतूरला तीन काढले, तव्हा तिथं कुणी पारावर वही घेऊन बसलं व्हतं का? तिथले बिनघोर येतेत, आमी जीव मुठीत धरून येतो. मंग दोघांला एकच माप? ह्यो न्याव न्हाई."

"बाई, नियम मी केलेला नाही."

तेवढ्यात उषाबाई उठली. कडूबाची बायको. नवऱ्याला जाऊन आमची नावं सांगेल म्हणून मला तिचीच जास्त धास्ती होती.

"माझं लिहा," ती म्हणाली.

"अगं, तुझा नवरा..." सासूबाई म्हणाल्या.

"त्याच्या म्होरूनच आले, बिनहंड्याची. त्यानं खाली मान घालून लिहिलं माझं नाव. एका वहीत गेलंच हाये, आता ह्या वहीतबी जाऊ द्या."

तिच्यामागून एकेक उठली. माझी पाळी आली तेव्हा मी साहेबांकडून पेन मागून घेतलं आणि माझं नाव स्वतःच लिहिलं.

जाताना कुणी पाणी भरलं नाही. रिकामेच हंडे घेऊन बाया पारासमोरून गेल्या. उषाबाई सगळ्यात पुढं होती, आणि मी दाराआड उभी राहून कडूबाचं पेन वहीवर टेकतंय का ते बघत होते.