प्रवेशाच्या टेबलावरची हातकडी

मी एक जुनी हातकडी आहे, मित्रांनो. घाबरू नका, मी आजवर एकही चोर पकडलेला नाही. माझी उमेदीची वर्षं एका खासगी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात, टेबलावर मिरवण्यात गेली. त्या दिवसांची आठवण झाली की मला अजून शिसारी येते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने माझ्या दोन्ही कड्यांना तेल दिलं, पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं आणि तो म्हणाला, "झकास!" एवढीच काय ती माझ्या वाट्याची खरी शाबासकी. मला वाटलं, आता आपण पोलीस ठाण्यात जाणार. पण क्रिमिनल जस्टिसची, म्हणजे गुन्हे आणि तपासाची पदवी देणाऱ्या एका कॉलेजाने मला विकत घेतलं. तेही शिकवण्यासाठी नव्हे, शोभेसाठी.

तिथे एक पद्धत होती. पोरगं आईबापांबरोबर चौकशीला आलं, की फीचा आकडा सांगण्याआधी फोटो काढायचा. माझं एक कडं पोराच्या हातात आणि दुसरं प्रवेश सल्लागाराच्या हातात. सल्लागार चोरासारखी मान खाली घालायचा, पोरगं अधिकाऱ्यासारखी छाती काढायचं. आईबापांचे डोळे भरून यायचे आणि त्या भरल्या डोळ्यांनीच ते सही करून मोकळे व्हायचे. भिंतीवर एका बड्या अधिकाऱ्याचा फोटो होता, खाली त्याचा भलामोठा पगार. तो गृहस्थ या कॉलेजात फक्त पाहुणा म्हणून येऊन गेला होता, हे मात्र कोणी सांगत नसे. नोकरी कुठे लागेल असं विचारलं, की सल्लागार म्हणायचा, "दुसरे पालक थांबलेत हं," आणि उठून जायचा. किती घामट मनगटं मी सोसली! मला कोणी फडक्याने पुसलं नाही की तेलाचा थेंब दिला नाही. त्या ओशट, गोडगोड बोलण्याचा मला वीट आला होता.

एके दिवशी इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई लेकीला घेऊन आली. बाईच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते. लेकीला तपास अधिकारी व्हायचं होतं.

"सर, दुकान गहाण टाकते," बाई म्हणाली, "पण पोरगी साहेब होऊ दे."

ठरल्याप्रमाणे फोटो निघाला. मग सल्लागाराने किल्ली लावली. ती फिरेना. त्याने जोर लावला, फुंकर मारली, मला टेबलावर आपटलं. माझ्या पोटातला गंज काही हलला नाही. केबिनमधून कॉलेजचे साहेब बाहेर आले, त्यांनी शिपायाला चावीवाल्याकडे पिटाळलं आणि म्हणाले, "तोवर सही उरकून घ्या." पण पहिली सही मुलीची लागायची, आणि तिचा उजवा हातच माझ्यात अडकला होता. साहेब चरफडत आत गेले. सल्लागाराला आज कुठे पळताही येईना.

"सर, तुम्ही काय शिकलात हो?" बाईने विचारलं.

"हेच. याच कॉलेजात."

"आणि हातकडी उघडता येत नाही?"

"आम्हाला चित्रात दाखवली होती."

मुलगी फिसकन हसली. आई हसली नाही.

"पगार किती मिळतो?"

तो हळूच म्हणाला, "काकू, नावाला मिळतो. प्रवेश झाला तर वर थोडं. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता गेला, की चहापाण्यापुरतं उरतं."

"तुमच्या वर्गातले बाकीचे?"

"एक मॉलच्या दारात पिशव्या तपासतो. एक दिवसभर फोन करून लोकांच्या मागे थकलेल्या हप्त्यांचा तगादा लावतो. एक मुलगी मात्र खरंच पोलिसात गेली. तिने भरतीची परीक्षा दिली."

"तिला ही पदवी लागली का?" मुलीने विचारलं.

"नाही गं. कुठलीही पदवी चालते. सरकारी कॉलेजातली साधीसुद्धा."

"मग हे भिंतीवर का नाही लिहिलं?"

त्याचं मनगट माझ्यात घामाने निथळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला आपण कोणालातरी पकडल्यासारखं वाटलं.

"दादा," बाईचा आवाज उतरला, "तुझ्या आईनेही काही गहाण टाकलं होतं का रे?"

"घर," तो म्हणाला. "अजून सुटलं नाही."

चावीवाला आला. त्याने तेल सोडलं, किल्ली फिरवली आणि मी उघडले. साहेब पेन घेऊन धावत आले. मुलीने लाल झालेलं मनगट चोळलं आणि त्यांनी हातात दिलेलं पेन टेबलावर ठेवून दिलं.

"चल गं," आई म्हणाली. "इस्त्रीचे कपडे तसेच पडलेत."

त्या दिवशी सल्लागाराने बोलणी खाल्ली आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. आता टेबलावर प्लास्टिकची हातकडी आहे. ती जराशा झटक्याने उघडते. कोणी अडकत नाही, कोणाला थांबावं लागत नाही, आणि फोटो झाल्या झाल्या सह्या होतात. खणात पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, पोलादाच्या वस्तूला वेळच्या वेळी तेल द्या, एवढंच मी एरवी सांगितलं असतं. पण तुम्हीही एक दिवस अशाच एखाद्या टेबलापाशी बसाल. तिथे कोणी हसत हसत तुमच्या मनगटात काही अडकवू लागलं, तर घाई करू नका. त्याला म्हणा, आधी तुमच्या हातातलं उघडून दाखवा.