निदानाचा रकाना

चंद्रभागा गायसमुद्रेनं शिडीच्या चौथ्या पायरीवरून रॅकमधला गठ्ठा ओढला, तशी धूळ थेट तोंडावर आली. "हिलाही आत्ताच यायचं होतं," असं पुटपुटत ती गठ्ठा छातीशी धरून एकेक पायरी खाली उतरली. चोपन्नाव्या वर्षी शिडी चढायची तिला काही गरज नव्हती. खात्यात तरुण मुली होत्या, नुसतं म्हटलं असतं तरी धावत आल्या असत्या. पण हा गठ्ठा दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायचा नव्हता.

टेबलावर सकाळी दाखला विभागाकडून आलेली चिठ्ठी होती. धम्मदीप गायसमुद्रे, वय तेवीस, पूर्वीचे नाव दीक्षा. नोकरीसाठी पात्रतेचा वैद्यकीय दाखला हवा आहे. जुन्या नोंदी पाहून कळवावे, यापूर्वी मानसिक आजाराचे निदान झाले आहे काय?

धम्मदीप तिचा एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हटलं, म्हणून तिनं हौसेनं दीक्षा नाव ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं रीतसर नाव बदलून घेतलं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, कात्रजच्या पुढं एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून निवडही झाली. मुलाखतीत त्यानं स्वतःबद्दल काही लपवलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आम्हाला पोरांना पळवणारा हवा, बाकी तुमचं तुम्ही बघा. फक्त दाखला उद्या बारापर्यंत आणा. त्या दाखल्यावर ‘मानसिक आजार : आहे’ असं आलं, तर संस्थेची मंडळी काय करतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चंद्रभागा या धर्मादाय रुग्णालयाच्या रेकॉर्ड खात्यात अठ्ठावीस वर्षं होती. डॉक्टर केसपेपरवर आजाराचं नाव लिहीत आणि ती जाडजूड पुस्तकात बघून लाल शाईनं त्याचा कोड घाली. हिवताप, कुत्रं चावणं, झाडावरून पडणं, जगातल्या झाडून साऱ्या दुखण्यांना त्या पुस्तकात जागा होती. मनाच्या आजारांचं प्रकरण ‘एफ’चं. खात्यात नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी चंद्रभागा तिला दम भरायची, "निदानाचा रकाना रिकामा दिसला की कागद डॉक्टरांकडं परत. आपण कोड द्यायचा, आजार द्यायचा नाही. कळलं?"

तिनं गठ्ठ्याची दोरी सोडली.

चार वर्षांपूर्वी तिनंच त्याला वरच्या मजल्यावर मानसोपचार विभागात नेलं होतं. तेव्हा तो दीक्षा होता, एकोणीस वर्षांचा. जेवताना ताटावरून न उठता त्यानं सांगितलं होतं, "आई, मी मुलगा आहे." चंद्रभागाच्या पायाखालची जमीन सरकली होती. डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं, मग तिला. आत काय बोलणं झालं ते तिला आता धड आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की डॉक्टरांनी एफ चौसष्ट म्हटलं होतं. एफ चौसष्ट म्हणजे आजार, आणि आजार आहे म्हणजे औषध आहे. तेच तिनं तिच्या भावांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांनाही सांगितलं. "आजार आहे हो. होईल बरा." पुढं मूल बरं झालं नाही, कारण बरं व्हायला काही झालेलंच नव्हतं, हे हळूहळू तिच्याही ध्यानात आलं. दाढी फुटली तशी ती त्याला धम्मदीप म्हणू लागली. पण एफ चौसष्टवरचा तिचा विश्वास काही उडाला नव्हता. डॉक्टर बोलले म्हणजे असेलच काहीतरी.

केसपेपर निघाला. डॉ. वासंती केतकरांचं बारीक इंग्रजी अक्षर. सोबत आई. झोप, भूक, अभ्यास व्यवस्थित. विचारांत गोंधळ नाही. स्वतः मुलगा असल्याची खात्री, लहानपणापासून. आणि खाली निदानाचा रकाना.

रकान्यात आडवी रेघ होती. नुसती रेघ.

शेजारच्या चौकटीत, लाल शाईत, चंद्रभागाच्या ठसठशीत अक्षरात, एफ चौसष्ट.

डॉक्टर एफ चौसष्ट म्हणालेच नव्हते! त्या दिवशी संध्याकाळी पन्नास कागदांच्या चळतीत हा कागद तिच्या टेबलावर आला होता. रकाना मोकळा होता, कागद परत पाठवायचा होता, आणि तिनं पुस्तक उघडलं होतं. पान सापडल्यावर तिला काय हायसं वाटलं होतं! पोराचं कुठंतरी नाव आहे, नंबर आहे, म्हणजे इलाज असणार. तिनं स्वतःच्या हातानं तो नंबर लिहिला आणि चार वर्षं डॉक्टरांच्या नावावर खपवला. इतरांना खपवला ते एक वेळ ठीक, स्वतःलाही खपवला. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"गायसमुद्रेबाई, सूर्य पश्चिमेला उगवलाय का आज? शिडीवर स्वतः?"

खातेप्रमुख यज्ञेश्वर भावे दारात उभे होते. तोंड तिरकं, मन सरळ, असा माणूस. त्यांनी चिठ्ठी वाचली, केसपेपर वाचला आणि दार लोटून घेतलं.

"घरचा कागद आहे, तुम्ही याला हात लावू नका. मी ‘नोंद आढळली नाही’ असा शिक्का मारतो. मागं पाणी शिरलं तेव्हा अर्धा रॅक गेलाच की. त्यात हाही गेला."

"कागद आहे, साहेब."

"तो मलाही दिसतोय. चष्मा आहे मला."

"मग आहे तो नाही कसा म्हणायचा? माझ्या पोरानं मुलाखतीत सगळं खरं सांगितलं. मी इथं त्याला रॅकमागं लपवू?"

भाव्यांनी खुर्ची ओढली. "अहो, असले दाखले कोपऱ्यावरचा डॉक्टर चहा पितापिता देतो. तुमच्या चिरंजीवांना इथंच यायची काय हौस?"

"मीही तेच म्हटलं. ऐकेल तर शपथ. म्हणे, इथूनच घेणार."

"कुणावर गेलाय ते दिसतंच आहे."

चंद्रभागानं केसपेपर त्यांच्यापुढं सरकवला आणि निदानाच्या रकान्यावर बोट ठेवलं. भाव्यांनी रेघ पाहिली, लाल अक्षर पाहिलं आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांना या बाईची एक चूक सापडली नव्हती, आणि सापडली ती ही.

"दुरुस्ती करायची म्हणजे डॉक्टरांची सही लागणार," ते शेवटी म्हणाले. "आणि कारण लिहावं लागणार."

"लिहीन."

ती जिना चढून वर गेली. बाहेर बाकांवर गर्दी होती, पण केतकरबाईंनी तिला पाहताच आत बोलावलं. त्यांनी कागद वाचला.

"मी रेघ मारली होती आणि निदान तुमच्या खात्यानं पुरं केलं म्हणायचं. फी निम्मी निम्मी वाटून घ्यायची का?"

चंद्रभागा हसली नाही. "मॅडम, खरं सांगा. आजार आहे की नाही? तुम्ही नुसती रेघ का मारली?"

"कारण त्याला त्रास कशाचा होतो असं मी विचारलं, तर म्हणाला, घरी मला मुलगी म्हणतात त्याचा. आता हा आजार कुणाचा लिहू?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "जगभर डॉक्टर यावर भांडताहेत, चंद्रभागाबाई. काही म्हणतात, यादीत राहू द्या, नाहीतर या लोकांना उपचार कुठल्या नावाखाली द्यायचे? विमेवाले म्हणतील, आजार नाही तर औषध कशाला. त्यांचंही अगदीच खोटं नाही. नव्या पुस्तकात ते मनाच्या प्रकरणातून काढून दुसरीकडं नेलंय. आपल्याकडं मात्र अजून जुनंच पुस्तक चाललंय."

"पुस्तकात बाळंतपणही आहे," चंद्रभागा म्हणाली. "त्याचं वेगळं प्रकरण आहे, ‘ओ’चं. मी हजारो वेळा घातलाय तो कोड. पण बाळंतिणीला आजारी आहेस असं कुणी म्हणत नाही. खाट मिळते, औषध मिळतं, आणि वर डिंकाचे लाडूही."

केतकरबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "हे तुम्ही आमच्या परिषदेत येऊन सांगा. तिथं दोन दोन दिवस जातात आमचे." त्यांनी सही करायला कागद पुढं ओढला. "कोड खोडा. पण एक ध्यानात ठेवा, हे खोडल्यानं तुम्ही सुटाल, तो सुटेलच असं नाही. उद्या आणखी कुणीतरी विचारेलच."

"विचारू दे. आमच्या हातचं नको, एवढंच."

खाली आल्यावर तिनं लाल अक्षरांवर पट्टी ठेवून एकच आडवी रेघ ओढली. खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम. खोडायचं, गिरगटायचं नाही. शेजारी सही, तारीख. मग दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला. भावे उभ्या उभ्याच म्हणाले, "कारणापुढं ‘नजरचूक’ लिहा आणि मोकळ्या व्हा. नजरचुकीला मेमो निघत नाही. निदान नसताना कोड घातला असं लिहिलंत, तर मला तुमच्या सर्व्हिस बुकात नोंद करावी लागेल. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, बाई. कशाला?"

"नजर चुकली नव्हती, साहेब. डोळे उघडे ठेवून लिहिलं होतं."

तिनं लिहिलं : निदान डॉक्टरांनी केलेले नाही. कोड रुग्णाच्या आईने घातला.

भाव्यांनी वाचलं. "आणि हुद्दा? हुद्द्यात ‘आई’ लिहितात होय?"

"रेकॉर्ड सहायक लिहा हुद्द्यात. कारण तसंच राहू द्या."

भाव्यांनी आणखी वाद घातला नाही. शिक्का उचलला, दोनदा फुंकला आणि जरा जास्तच जोरात मारला.

चार वाजता धम्मदीप दाखल्याच्या खिडकीशी आला. खिडकीवरची बाई रजेवर होती, म्हणून आत चंद्रभागा बसली होती. तिला ती खुर्ची आज नको होती, पण टळली नाही. तिनं दाखला पुढं केला. मानसिक आजार : नाही. दाखल्याला नियमाप्रमाणं दुरुस्तीच्या अर्जाची प्रत टाचलेली होती. ती काढून ठेवणं तिच्या हातात होतं. दुपारभर ती टाचणीकडं पाहत बसली होती, आणि तिनं ती काढली नव्हती.

धम्मदीपनं दाखला वाचला. मग मागचा कागद उलटला. तो सावकाश वाचत होता. रांगेत मागं दोनच माणसं होती, त्यातलं एक खोकलं.

"मी लिहिलं होतं ते," चंद्रभागा म्हणाली. "डॉक्टरांनी नव्हतं लिहिलं. सगळ्यांना डॉक्टरांचं नाव सांगितलं, तुलाही. चुकले मी."

"माहीत होतं."

"काय?"

"तीन वर्षांपूर्वी हार्मोनच्या डॉक्टरांनी जुने पेपर मागितले, तेव्हा इथून झेरॉक्स काढली होती. शाळेत माझ्या वह्यांवर नाव कोण घालायचं, आई? अक्षर ओळखू येत नाही होय मला?"

तीन वर्षं हा पोरगा तिच्यासमोर बसून जेवला होता, मामांच्या घरी तिच्या शेजारी बसून ‘होईल बरा’ ऐकत होता, आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पाच मिनिटांत दिला असता दाखला," ती कशीबशी म्हणाली. "नोकरी जायची वेळ आली होती, धम्मदीप. मी ‘आहे’ असं कळवलं असतं तर?"

"तर गेली असती." त्यानं दोन्ही कागद तसेच टाचलेले ठेवून घडी घातली. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं ‘आजार नाही’ असं लिहून दिलं असतं गं. पण ‘आहे’ असं त्यानं कुठं लिहिलं होतं?"