चार बोटं वर

आईनं स्टुलावर बसूनच हात लांबवला आणि भिंतीवर खडूची रेघ मारली.

"दिव्याचं बटण इथं आणायचं."

"अगं, उभी राहून नीट सांग की," बाबा म्हणाले.

"तो उभा राहून दिवा लावणार आहे का?"

बाबांनी ड्रिल उचललं.

अपघाताला चार महिने झाले होते. पंधरा वर्षांचा मुलगा उद्या इस्पितळातून चाकांच्या खुर्चीत बसून घरी यायचा होता. पायांबद्दल डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं. मुलानंही आपलं सांगून टाकलं होतं, "पाण्यासाठी, दिव्यासाठी, चड्डीसाठी तुला हाका मारत बसायचं असेल, तर मला घरी नेऊच नका." आई इस्पितळाच्या जिन्यात पोटभर रडली, आणि तोंड धुऊन कामाला लागली.

वीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती. शर्टाचं माप घेते असं सांगून तिनं त्याचे लांबवलेले हात, बसल्यावरची उंची, खुर्चीची रुंदी, सगळं टेपनं मोजून वहीत उतरवलं होतं. आता तीच वही मांडीवर ठेवून ती खोलीचं माप घेत होती. कपाटातला दांडा खाली आला. गुडघे आत जावेत म्हणून टेबलाच्या पायांखाली ठोकळे बसले. हेडफोनचा हुक, आरसा, पडद्याची दोरी, काही म्हणता काही त्याच्या हाताबाहेर राहिलं नाही. भिंतींना त्यानं सांगितलेला राखाडी रंग लागला.

"ही खोली आहे का गोदाम?" बाबांनी पुटपुटून घेतलं.

"त्याची आहे. तुम्हाला कुणी झोपायला बोलावलंय?"

शेवटी राहिला दाराच्या चौकटीतला लोखंडी दांडा. उंची वाढावी म्हणून मुलगा दिवसातून दहा वेळा त्याला लोंबकळायचा. बाबा त्याला वटवाघूळ म्हणायचे.

"काढा तो. त्याच्या नजरेसमोर नको."

बाबांनी दांडा काढून कपाटामागे ठेवला आणि भोकं पुट्टी भरून बुजवली.

दुसऱ्या दिवशी मुलानं खोलीभर एक चक्कर मारली. दिवा लावला, विझवला. कपाट उघडून शर्ट काढला, परत लावला. आई मशीनवर बसली, पण तिचे कान त्या खोलीतच होते. दुपार गेली. संध्याकाळ होत आली तरी हाक नव्हती. तिला जरा हायसं वाटायला लागलं होतं.

"आई!"

काय राहिलं? ती टेप गळ्यात तशीच ठेवून धावली.

मुलगा दारात खुर्ची थांबवून चौकटीकडे वर बघत होता.

"माझा दांडा कुठाय?"

"काढला," ती म्हणाली. "वाटलं, बघून तुला त्रास होईल."

"परत लावा. पण खाली."

मागून आलेले बाबा म्हणाले, "दारात एवढ्या खाली? कपाळमोक्ष होईल आमचा!"

"मग वाका. मी एवढी खोली बसून सांभाळतोय, तुम्ही वाकायचं तेवढं बघा."

कितीतरी दिवसांनी बाबा मोठ्यानं हसले आणि दांडा आणायला गेले. मुलानं हात वर ताणला. आईनं त्याच्या बोटांच्या टोकाशी चौकटीवर काळजीपूर्वक रेघ मारली.

"इथं नको. चार बोटं वर."

"अरे, हात पोचणार नाही तुझा."

"शेजारच्या पोरांच्या कपड्यांना तू खाली दुमडून वाढीचं कापड ठेवतेस," तो म्हणाला. "माझ्या खोलीत कुठंच नाही ठेवलंस. सगळं आजच्या मापाचं."

इतक्या वर्षांत एवढी मोठी चूक आईच्या हातून कुणाच्या कपड्यात झाली नव्हती.

तिनं अंगठ्यानं रेघ पुसली. तिच्या जागेच्या वर चार बोटं आडवी धरली आणि तिथं दुसरी मारली.

बाबा दांडा घेऊन आले. रेघेकडे आणि मुलाच्या हाताकडे बघून म्हणाले, "अगं, माप चुकलंय."

"नाही चुकलं," आई म्हणाली. "लावा."