बाहेरची माहिती

वर्तुळबाईंचं खरं नाव वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपास न लावता, दोरी न धरता फळ्यावर गरगरीत गोल काढायच्या, म्हणून त्या वर्तुळबाई. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये त्या विधानं आणि निष्कर्ष शिकवायच्या. सर्व कावळे खुर्च्या आहेत. काही खुर्च्या साबण आहेत. तर मग काही कावळे साबण आहेत, असा निष्कर्ष निघतो का? नाही निघत. पण तो का निघत नाही हे कळावं म्हणून शे-दीडशे तरणीताठी माणसं एकमेकांच्या घामाचा वास घेत, माना मोडून वर्तुळात वर्तुळं काढत बसायची.

नियम दोनच होते आणि बाई ते पहिल्याच दिवशी घोटून घ्यायच्या. दिलेलं विधान कितीही अचरट असलं तरी खरं मानायचं. आणि बाहेरची माहिती आत आणायची नाही. कावळा उडतो हे तुम्हाला ठाऊक असेल, पण ते तुमच्या घरी. सुरुवातीला हे सांगताना त्यांना गंमत वाटायची, पोरंही हसायची. आता बाईंना त्याचा वीट आला होता आणि पोरं तर कधीचीच हसायची थांबली होती.

त्या दिवशी तास संपवून त्या खाली उतरल्या. जिन्याच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला होता, ‘आमचे यशस्वी तारे’. दर निकालानंतर असला फ्लेक्स लागायचा आणि बाई तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. आज पाहिलं, कारण दुसऱ्या ओळीतून त्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडे बघत होती.

फोटो प्रवेशपत्रावरचा होता, तोच भेदरलेला चेहरा. फक्त मानेखाली कुणाचा तरी काळा कोट चिकटवलेला. मुंडकं बहिणीचं आणि धड भलत्याचं! धाकटी यंदाही मुख्य परीक्षेत नापास झाली होती. वयाची अटही आता संपली होती, म्हणजे दार कायमचं बंद. बाईंनीच कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडे शब्द टाकला होता आणि सोमवारपासून धाकटी त्यांच्या काउंटरवर उभी राहणार होती. रडूनभेकून, कशीबशी तयार झाली होती ती. आईला मात्र निकाल अजून सांगायचा होता.

संचालक केबिनमध्ये दात कोरत बसले होते.

“तिचा फोटो काढा,” बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. “ती नापास झालीय.”

“पूर्वपरीक्षा पास झाली होती ना? मग यशस्वीच की.” त्यांनी काडीच्या टोकाला काय आलं ते निरखून पाहिलं. “नेमणूक झाली असं आम्ही कुठं लिहिलंय? अहो, तुम्ही तर विधानं शिकवता!”

“लोकांनी काय समजायचं?”

“लोकांनी काय निष्कर्ष काढायचा हा लोकांचा प्रश्न. बरं, उद्या तिला वर्गाशी बोलायला बोलावलंय. पोरींना जरा हुरूप येतो. जमलं तर कायमचीच ठेवून घेऊ मार्गदर्शनाला.” एवढं बोलून त्यांनी काडी टेबलावरच टाकली.

चोर तो चोर, वर शिरजोर. बाई तिथून निघाल्या तेव्हा त्यांना हात धुवावेसे वाटत होते. घरी गेल्यावर धाकटी तळतळाट करत असणार, आपण तिला घेऊन परत यायचं आणि तो फ्लेक्स फाडायचा, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं.

घरी धाकटी इस्त्री करत होती. केस धुतलेले, चेहरा उजळलेला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती डोळे पुसतच.

“शेजारची येऊन गेली गं. म्हणाली, पोरीनं नाव काढलं. दोन दिवस झाले म्हणे बोर्ड लागून, आणि तुम्ही दोघींनी मला पत्ता लागू दिला नाहीत!”

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने कॉलरवरची एक सुरकुती पुन्हा पुन्हा दाबली. आई आत गेल्यावर बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “तू आईला खरं सांगितलं नाहीस?”

“सांगणार होते. पण ती एवढी खूश झाली की माझं तोंडच उघडेना.”

“आणि सोमवारचं काय?”

“काकांना नाही म्हणून कळवलं. बोर्डावरची बाई खोकल्याच्या बाटल्या विकताना बरी दिसेल का?”

“अगं, तू नापास झालीयेस!”

“माहितीये मला!” धाकटीने इस्त्री आपटली. “आठ वर्षं जो भेटेल तो विचारायचा, काय झालं गं परीक्षेचं? दुधाची पिशवी आणायला जायची चोरी. काल पहिल्यांदा कुणी विचारलं नाही, ताई. सगळे नुसते हसले माझ्याकडे बघून. मला दोन दिवस तरी जगू दे की!”

संचालकाची किळस येत होती तोवर बाईंना सोपं होतं, तो परका होता. पण सख्ख्या बहिणीने तो उसना कोट अंगात घातला होता आणि तो तिला बसतही होता, याची शिसारी कुठे थुंकायची? रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. आईने मात्र कौतुकाने धाकटीला आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर कावळे काढले नाहीत. त्यांनी लिहिलं, भिंतीवरचे सर्व चेहरे यशस्वी आहेत. भिंतीवरचे सर्व चेहरे या क्लासचे आहेत. निष्कर्ष: या क्लासचे सर्वजण यशस्वी आहेत.

“निघतो?”

“नाही!” अख्खा वर्ग ओरडला. “‘काही’ निघतं, ‘सर्व’ निघत नाही!”

“शाब्बास. मग तुम्ही इथे काय बघून आलात?”

मागून कुणीतरी विचारलं, “मॅडम, हा प्रकार परीक्षेत येतो का?”

तेवढ्यात संचालक धाकटीला घेऊन आत आले. टाळ्या झाल्या. धाकटी आधी चाचरली, मग घडाघडा बोलायला लागली. वेळापत्रक, चिकाटी, पहाटेचा अभ्यास. बोलत होती ते सगळं तिने खरोखरच केलं होतं, एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते ऐकवत नव्हतं. पोरं भराभरा लिहून घेत होती. शेवटी एकाने विचारलं, “मॅडम, तुमची नेमणूक कुठं झाली?”

धाकटीने संचालकांकडे पाहिलं. संचालक आढ्याकडे बघू लागले. मग तिने ताईकडे पाहिलं. लहानपणी पाढा अडला की अशीच बघायची, आणि ताई ओठ हलवून उत्तर सांगायची.

“तिची नेमणूक झालेली नाही,” वर्तुळबाई म्हणाल्या. “ही माझी सख्खी बहीण. ती नापास झालीय. आठही वेळा. तो फोटो खोटा आहे.”

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला. बाईंची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, एकही प्रश्न न चुकणारी. तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि चूक दाखवावी तशी अदबीने म्हणाली, “पण मॅडम, बाहेरची माहिती आणायची नाही ना?”

वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने संचालक हसले. धाकटी तेवढी हसली नाही. तिने माइक टेबलावर ठेवला आणि कुणाकडे न बघता चालती झाली. बाई खडू टाकून तिच्या मागे धावल्या.

जिन्यात गाठ पडली. “सगळ्यांसमोर नापास म्हणालीस मला,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“घरात म्हणायचं होतंस.”

“म्हटलं होतं.”

धाकटीने त्या फ्लेक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुढे निघून गेली आणि घरी जाऊन आईशी काय बोलली ते बाईंना कधीच कळलं नाही. आई मात्र त्या दिवसापासून बाईंना वाढताना पानाकडेच बघू लागली. क्लासमधून बाईंना रजा मिळाली ती कायमचीच. फ्लेक्स होता तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात डोकं ठणकत होतं म्हणून बाई औषधाच्या दुकानात गेल्या. खरं तर डोकं एवढं काही ठणकत नव्हतं. काउंटरवर धाकटी होती. तिने ताईला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढे एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. औषध घेता घेता ती टक लावून बघायला लागली.

“त्या क्लासच्या बोर्डावर आहेत, त्या तुम्हीच ना?”

धाकटीचा हात बाटलीवर थांबला.

“नाही हो,” धाकटी म्हणाली. “ती पास झालेली आहे. मी नापास. जेवणानंतर अर्धा चमचा द्या हिला, उपाशीपोटी नको.”

मग तिने मान वर केली आणि ताईला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”